स्टाइल्सच्या घरातला खून : पुन्हा वाचताना काय दिसलं?

सांजवात

इशारा आधीच देते. पुस्तकाने शंभरी ओलांडली आहे, तेव्हा प्रतिसादांत खुनी कोण ते येणारच. ज्यांना अजून वाचायचंय त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नका.

अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी, 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स', मी अकरावीच्या सुट्टीत वाचली. वाचनालयातली प्रत होती, पुठ्ठा सुटलेला, आणि शेवटचं प्रकरण कुणीतरी फाडून नेलेलं. चार दिवस नुसती तळमळले. शेवटी एका मैत्रिणीने सांगितलं, "अगं, डॉक्टरने मारलं." झालं. पंचवीस वर्षं मी डॉक्टर बाउरस्टाइनला खुनी समजत होते. गेल्या आठवड्यात अखंड पुस्तक हाती आलं आणि कळलं की तो बिचारा वेगळ्याच भानगडीत सापडलेला होता.

तर मुद्दा. या खेपेला मला कोड्यापेक्षा घर जास्त दिसलं. पहिलं महायुद्ध चालू आहे. आघाडीवरून जखमी होऊन परतलेला हेस्टिंग्ज जुन्या ओळखीच्या जॉन कॅव्हेंडिशकडे, एसेक्समधल्या स्टाइल्स कोर्टात विश्रांतीला येतो. मालकीण एमिली इंगलथॉर्प, सत्तरीची. तिचा पहिला नवरा जाताना हे घर आणि उत्पन्नाचा मोठा भाग तिच्या हयातीपर्यंत तिच्या नावे करून गेला. दोन सावत्र मुलगे. थोरला जॉन काही दिवस वकिली करून आता घरी जमीनदारी थाटात बसलेला. धाकटा लॉरेन्स डॉक्टरकी शिकला आणि सोडून कवितांच्या मागे लागला. जॉनची बायको मेरी. बाईंनी आसरा दिलेली सिंथिया. फटकळ सोबतीण एव्हलिन हॉवर्ड. आणि या सगळ्यांच्या छातीवर बाईंनी आणून बसवलेला नवा नवरा आल्फ्रेड, वीस वर्षांनी लहान, भली मोठी काळी दाढी.

यातला जवळजवळ प्रत्येक जण बाईंच्या पैशावर जगतो आणि बाई ते कुणाला विसरू देत नाहीत. एव्हलिनच एका ठिकाणी म्हणते की एमिली दिलदार होती, पण दिल्याची परतफेड तिला हवी असायची, आणि म्हणून तिला प्रेम मिळालं नाही. बाई विषाने तडफडून मरते आणि तपास करणाऱ्या गुप्तहेर पॉयरोच्या लक्षात येतं की एवढ्या मोठ्या घरात कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही. अकरावीत हे वाक्य मी गाळून पुढे गेले असणार. आता तिथेच अडले.

तुम्हाला काय वाटलं? कोडं चांगलं आहे की माणसं?

चकवा

कोडं. शंभर टक्के कोडं. माणसं पुठ्ठ्याची आहेत, ताई, वाईट वाटून घेऊ नका.

आणि मैत्रिणीने बहुतेक दुसऱ्याच पुस्तकाचा शेवट सांगितला होता. कोणत्या ते कृपया कुणी लिहू नका. ते पुस्तक न वाचलेले लोक इथे असतील.

अर्धवटराव

पीडीएफ आहे का कुणाकडे?

तहकूब

@अर्धवटराव, प्रत्येक धाग्यावर हा प्रश्न येतोच, म्हणून एकदाच उत्तर देतो. अमेरिकेत हे पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळं झालेलं आहे, म्हणून तिथल्या संकेतस्थळांवर फुकट दिसतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. बाई १२ जानेवारी १९७६ रोजी गेल्या, म्हणजे भारतात २०३६ संपेपर्यंत थांबा. नाहीतर विकत घ्या, एका पिझ्झ्यापेक्षा स्वस्त आहे.

अर्धवटराव

पिझ्झा मागवला.

बाराखडी

दहावीपर्यंत मी 'पॉयरॉट' म्हणत होते. मग एका सरांनी 'प्वारो' सांगितलं. इथे सगळे 'पॉयरो' लिहितायत. एकदा ठरवा.

सांजवात

बाराखडी, मी 'पॉयरो'वर आहे. तो स्वतः चिडेल, पण तो बेल्जियन आहे, त्याला फ्रेंच म्हटलं तरी चिडतोच.

खलबत्ता

औषधनिर्माणशास्त्राचा माणूस, त्यामुळे राहवत नाही. चकवा, कोडं चांगलं आहे म्हणताय ते बरोबर, पण का चांगलं आहे ते सांगतो.

बाईंना डॉक्टरांनी टॉनिक दिलेलं आहे. त्या काळच्या टॉनिकांमध्ये अगदी थोड्या प्रमाणात स्ट्रिक्निन घालण्याची पद्धतच होती. भूक लागते, तरतरी येते असा समज. आता या बाटलीत कुणीतरी ब्रोमाइडची पूड टाकली. ही पूड झोपेसाठी घरात आधीच होती, तिची रिकामी डबी सापडतेसुद्धा. ब्रोमाइड पडलं की स्ट्रिक्निनचं ब्रोमाइड तयार होतं, ते पाण्यात नीट विरघळत नाही, आणि स्फटिक होऊन तळाशी बसतं. वरचे डोस निरुपद्रवी. शेवटच्या डोसात मात्र सगळं विष एकदम. म्हणजे खुनी मरणाच्या रात्री मैलभर लांब असला तरी चालतं. पॉयरो हेही सांगतो की बाईंना औषध ओतून देणारी व्यक्ती बाटली हलू नये याची फार काळजी घेत असे. आम्ही आयुष्यभर बाटलीवर 'हलवून घ्या' लिहितो ते का, याचं याहून चांगलं उदाहरण मी अजून पाहिलं नाही.

आणि हे कल्पनेतलं नाही. औषधं बनवण्याच्या पुस्तकांत हा धोका छापलेला असायचा. पॉयरो शेवटी तोच उतारा वाचून दाखवतो. तिथे असंच मिश्रण घेऊन दगावलेल्या एका बाईचा उल्लेखही आहे. पुस्तक आल्यावर औषधविक्रेत्यांच्या एका ब्रिटिश नियतकालिकाने रसायनशास्त्र अचूक लिहिल्याबद्दल कौतुक केलं, आणि ख्रिस्तीबाईंना सगळ्या परीक्षणांत त्याचाच अभिमान वाटला. मला पटतं.

कोकणातल्यांसाठी : स्ट्रिक्निन म्हणजे आपला काजरा. त्याच काजऱ्याच्या चपट्या, गुंडीसारख्या बियांमधलं. आयुर्वेदात कुचला म्हणतात, आणि शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. आमच्या आजोळी परड्यात दोन झाडं होती, आणि पोरांनी फळाला हात लावला तर पाठीत धपाटा ठरलेला.

काकूबाई

खलबत्ता, तो मृत्यूचा प्रसंग मला फार त्रास देऊन गेला. शरीर कमानीसारखं वाकतं, डोकं आणि टाचा तेवढ्या टेकलेल्या. हे खरंच असं होतं का हो?

खलबत्ता

होतं, काकू. मज्जारज्जूमध्ये स्नायूंना आवर घालणारी जी यंत्रणा असते तीच हे विष बंद पाडतं. मग जरा आवाज झाला, स्पर्श झाला तरी सगळे स्नायू एकदम आवळतात. धनुर्वातातही असंच होतं, फक्त विष वेगळं. आपल्याकडच्या वैद्यांनी नावच 'धनुर्वात' ठेवलंय, धनुष्यासारखं वाकणं. पुस्तकातल्या डॉक्टरांनाही झटके बघून आधी तेच आठवतं.

आणि सर्वात भयंकर म्हणजे शुद्ध जात नाही. मरताना बाई आल्फ्रेडचं नाव घेते ते म्हणूनच शक्य आहे.

चकवा

बघा, हेच म्हणतोय मी. याला कोडं म्हणतात. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर कॉफी आणि कोको नाचवायचे, आणि विष तिसरीकडेच. कॉफीचा कप पायाखाली चिरडलेला, कोको तपासायला गेलेला, आणि डॉक्टर सांगतो की स्ट्रिक्निन इतकं कडू की सत्तर हजार भाग पाण्यात एक भाग असलं तरी जिभेला कळतं, कोकोत ते लपणार नाही. वाचक लगेच कॉफीकडे धावतो. मीही धावलो. बाटली समोर होती हो!

पण माझा आवडता पुरावा तो नाही. माझा आवडता, शेकोटीच्या वरच्या फळीवरच्या वस्तू. पॉयरोला सगळं सरळ रेषेत लागतं. खोली तपासताना तो त्या फळीवरच्या वस्तू नीट लावतो. नंतर पुन्हा एकदा तीच फळी नीट लावावी लागते. म्हणजे मधे कुणीतरी हात लावला. ही गोष्ट त्याला स्वतःला आठवत नाही. पत्त्यांचा बंगला करत बसलेला असताना हेस्टिंग्ज सहज म्हणतो, तेव्हा तुझे हात कसे थरथरत होते, आणि पॉयरो उडी मारून पळतो. मूर्ख मित्राने नकळत दिवा लावला. लेखिकेने वयाच्या सव्विसाव्या वर्षी हे रचलं. मी सव्विसाव्या वर्षी गुंतवळ्यासारखा एक ब्लॉग लिहीत होतो.

टिवल्याबावल्या

फळीवर काय होतं पण? मी चार वर्षांपूर्वी वाचलं, विसरले.

चकवा

दिवे-चिलीम पेटवायला कागदाच्या लांब सुरनळ्या करून ठेवायचे ना, त्यांची फुलदाणी. खुन्याने स्वतः लिहिलेलं पत्र तीन पट्ट्या फाडून त्याच सुरनळ्यांत खोवून दिलेलं. सगळे शोधतात आणि ते समोर ठेवलेलं असतं.

बाराखडी

आता माझी तक्रार. ते पत्र! आल्फ्रेड महाशय आपल्या साथीदारिणीला लिहितात की काळजी करू नकोस, काल रात्री नाही तर आज रात्री होईल. कागदावर. सहीनिशी जवळजवळ. एवढा धोरणी माणूस, जो काळ्या दाढीच्या वेषात दुसऱ्याकडून औषधाच्या दुकानात सही ठोकवतो, तो असं पत्र लिहून टेबलात ठेवतो, म्हातारी ते बघते, आणि पुस्तक चालू. पत्र नसतं तर पॉयरो काय करणार होता? गुन्हा हुशार आणि पुरावा बावळट, असं वाटलं.

सांजवात

हे मलाही खटकलं. पण बाई ते पत्र वाचते ती दुपार मला फार आवडते. साडेचारच्या सुमारास तिने नवऱ्याच्या नावे मृत्युपत्र केलं, माळी मॅनिंग आणि दुसरा, दोघांच्या साक्षीच्या सह्या. मग पत्र सापडलं. मग तिने भर जुलैत, उकाड्यात, शेगडी पेटवायला सांगून ते मृत्युपत्र जाळलं. तासाभरात एका बाईचं लग्न संपलं आणि आपल्याला फक्त राखेतला एक करपलेला तुकडा दिसतो.

काकूबाई

आणि शेगडीचं कारण! युद्धामुळे घरात कागदाचा कपटासुद्धा वाया घालवत नाहीत, पोत्यात भरून पाठवून देतात. टोपलीत टाकता येत नाही, म्हणून जाळावं लागतं. आम्ही लहान असताना आमच्या घरी पाठकोऱ्या कागदांची वही शिवायचे, त्यामुळे ते वाक्य मी अगदी ओळखीने वाचलं. माळी पूर्वी पाच, आता तीन, तेही सांगितलंय. युद्ध बंदुकांमधून नाही आलेलं, काटकसरीतून आलंय.

डेव्हनकर

नमस्कार, मी बारा वर्षं इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, टॉर्कीपासून अर्ध्या तासावर राहतो. धागा बघून राहवलं नाही.

ख्रिस्ती टॉर्कीची. महायुद्धात तिथल्या टाउन हॉलचं रुग्णालय झालं होतं. तिथे ती आधी परिचारिका होती, मग औषधालयात गेली. कादंबरीतली सिंथिया तिथलीच समजा. त्या औषधालयात निवांत वेळ मिळायचा आणि भोवती सगळ्या विषांच्या बाटल्या. थोरल्या बहिणीने आधीच डिवचलं होतं की तुला गुप्तहेरकथा जमणार नाही. १९१६ मध्ये ती लिहायला बसली. मध्येच अडली तेव्हा आईने डार्टमूरवर जा म्हणून सांगितलं. हेटॉरजवळच्या हॉटेलात दोन आठवडे राहिली. सकाळी लेखन, दुपारी माळरानावर एकटीच चालत पात्रांचे संवाद मोठ्याने पुटपुटत. मी त्या वाटेवर चाललोय. वारा असा की पुटपुटलं काय, ओरडलं तरी मेंढ्यांशिवाय कुणाला ऐकू जाणार नाही.

टॉर्कीच्या टॉर अ‍ॅबीच्या बागेत तिच्या पुस्तकांतल्या विषारी वनस्पतींचा एक वाफा केलाय. माझी मुलगी सात वर्षांची असताना तिथे मोठ्याने म्हणाली होती, "बाबा, यातलं कुठलं आईच्या चहात?" आजूबाजूच्या लोकांना मराठी येत नव्हतं हे आमचं नशीब.

खलबत्ता

डेव्हनकर, तिच्या आत्मचरित्रातला तो शिकवणारा औषधविक्रेता आठवतो का? खिशात क्युरारे या जहाल विषाचा तुकडा घेऊन फिरायचा, कारण त्याने त्याला सामर्थ्यवान वाटायचं. आणि एकदा त्याची दशांश चिन्हाची चूक झाली, औषध दहापट कडक बनलं. ही नवशिकी, सांगणार कशी? तिने अडखळल्याचं सोंग करून तो ट्रेच पाडला आणि पायाखाली चिरडला. औषधालयात काम केलेल्या प्रत्येकाच्या पोटात हा प्रसंग वाचताना गोळा येतो.

टिवल्याबावल्या

अगं बाई. आणि इथे कॉफीचा कप चिरडतात. कुठून सुचतं बघा.

चकवा

टिवल्या, हे मी आजवर कुठे वाचलं नव्हतं. खरं असो नसो, टोपी काढली.

तहकूब

आता वकिलाला बोलू द्या. सगळे विषावर बोलतायत, पण माझ्या मते खरी करामत कायद्याची आहे.

आल्फ्रेड स्वतःवर संशय ओढवून घेतो. दुकानात विष विकत घेणारा दाढीवाला, भांडणाचे आवाज, सगळं त्याच्याकडे बोट दाखवतं. आणि तो गप्प. का? त्याला अटक हवी आहे. खटल्यात तो अचूक पुरावा काढणार की विष विकलं गेलं त्या संध्याकाळी सहा वाजता तो दुसरीकडे होता, निर्दोष सुटणार, आणि मग खरं बाहेर आलं तरी काही करता येणार नाही, कारण एकदा सुटलेल्यावर त्याच गुन्ह्याचा पुन्हा खटला नाही. पॉयरो हे ओळखतो आणि खुन्याला वाचवतो! पाच साक्षीदार आणून त्याची अटक टाळतो. पोलीस अधिकारी जॅपचा चेहरा बघण्यासारखा.

इंग्लंडने हा नियम २००३च्या कायद्याने खुनासारख्या गुन्ह्यांपुरता सैल केला, २००५ पासून लागू. नवा ठोस पुरावा आला तर पुन्हा खटला होऊ शकतो. म्हणजे आज आल्फ्रेडचा बेत फसला असता. आपल्याकडे लोक थेट संविधानाचं कलम २०(२) सांगतात, पण त्याचे शब्द 'खटला होऊन शिक्षा झाली' असे आहेत. सुटलेल्याचं संरक्षण येतं ते फौजदारी प्रक्रियेतून, पूर्वी कलम ३००, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३३७.

दुसरं. इंग्लंडमध्ये लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द. बाईंना हे माहीत होतं का, असा प्रश्न निघतो आणि जॉन म्हणतो की कालच त्यावर आमचं बोलणं झालं होतं. एवढीशी ओळ. आपल्याकडे ख्रिश्चन-पारशी मंडळींना हा नियम लागू आहे, हिंदूंना नाही. काकू, तुमच्याकडे कुणी सत्तरीत दुसरं लग्न करणार असेल तर कळवा, फी माफ.

काकूबाई

तहकूब, माझं पहिलंच पुरे झालं.

बाराखडी

सगळे खूश आहेत म्हणून एक कडू गोष्ट. डॉक्टर बाउरस्टाइनबद्दल पात्रं ज्या तऱ्हेने बोलतात ते आज वाचवत नाही. पोलिश ज्यू आहे एवढंच सांगून हेटाळणी. मेरी उलट उत्तर देते की ज्यू रक्ताने इंग्रजांचा मठ्ठपणा जरा कमी होतो, पण तेही कौतुकाच्या वेषातलं तसलंच. आणि शेवटी तो जर्मन हेर निघतो. परका, ज्यू आणि हेर, तिन्ही एका माणसात. काळाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही मला.

सांजवात

सोडू नये. मी तर पंचवीस वर्षं त्याला खुनी धरून बसले, कारण मला ते सहज पटलं होतं. पुस्तकाने त्याला इतका संशयास्पद रंगवला होता की मैत्रिणीचं एक वाक्य पुरलं. बाराखडी, हे तू लिहीपर्यंत मला ते दिसलं नव्हतं.

आणि दुसरा परदेशी बघ. पॉयरोही परका, निर्वासित. युद्धात अडीच लाखांच्या आसपास बेल्जियन लोक ब्रिटनमध्ये आले होते. पॉयरो आणि त्याचे देशबांधव याच बाईंच्या कृपेने गावातल्या छोट्या घरात राहतात. तो सांगतोही की मी तिचा ऋणी आहे. सगळ्या पुस्तकात तिच्या उपकाराची परतफेड फक्त हा एकटा करतो. मिठाला जागतो.

चकवा

हां, हे मात्र मानलं. पुठ्ठ्याची माणसं म्हणालो ते अर्धं मागे घेतो. हेस्टिंग्ज अजून पुठ्ठ्याचाच आहे. दिसेल त्या बाईच्या प्रेमात पडतो, सिंथियाला मागणी घालतो, ती हसते, आणि हा स्वतःला शेरलॉक समजतो.

वाचनवेडा_७७

धागा उशिरा पाहिला. दोन गोष्टी.

शेवट आधी असा नव्हता. पॉयरो न्यायालयात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून सगळं उलगडतो असं तिने लिहिलं होतं. प्रकाशक जॉन लेनने सांगितलं की हे न्यायालयात असं चालत नाही, बदला. मग दिवाणखान्यात सगळ्यांना जमवून उलगडा. पुढे तिच्या कितीतरी कादंबऱ्यांत तोच दिवाणखाना दिसतो. प्रकाशकाचा एक शेरा आणि एवढा मोठा परिणाम! बरं, त्याच प्रकाशकाने पुढच्या पाच पुस्तकांनाही बांधून घेतलं आणि या पुस्तकापोटी बाईंच्या हाती आले २५ पौंड, तेही नियतकालिकातल्या क्रमशः प्रसिद्धीचे. अमेरिकेत १९२०च्या अखेरीस, इंग्लंडमध्ये १९२१च्या जानेवारीत.

दुसरं, जे फोनवर वाचतायत त्यांनी एकदा छापील प्रत बघा. घराच्या पहिल्या मजल्याचा नकाशा आहे, कुठलं दार कुठे, कुठली कडी आतून. फोनवर तो नकाशा मुंगीएवढा येतो.

अर्धवटराव

छापील घेतलं. पिझ्झा पण खाल्ला. आता खुनी कोण ते मला या धाग्याने आधीच सांगितलंय. धन्यवाद मंडळी.

टिवल्याबावल्या

सगळ्यात वरती इशारा होता, साहेब.

काकूबाई

सांजवात, तू म्हणालीस घरात कुणी रडत नाही. मी कालपासून डॉर्कसचा विचार करतेय. जुनी मोलकरीण, टोपी घातलेली, सगळ्यांच्या गुपितांची पेटी. पॉयरो तिच्याशीच सर्वात आदबीने बोलतो. तो तिला विचारतो, दहा वर्षं होतीस, खूप जीव होता ना तुझा मालकिणीवर? आता तिचं उत्तर बघ. ती म्हणते, मालकीण माझ्याशी फार चांगलं वागली.

'हो' म्हणत नाही ग.

सांजवात

काकू, पुस्तक आता पुन्हा काढलं. खरंच. प्रश्न जीव होता का असा, उत्तर वागणुकीचं. तीन वेळा वाचलं.

चकवा

इंग्रज नोकर असेच बोलत. त्यात एवढं काही नाही.

काकूबाई

असेलही. माझ्या आईकडे तीस वर्षं कामाला असलेल्या बाई होत्या. आई गेली तेव्हा त्या मला म्हणाल्या, तुमच्या आईने मला कधी उष्टं दिलं नाही. बस, एवढंच. मी अजून ठरवू शकले नाही की ते प्रेम होतं की हिशेब.

वाचनवेडा_७७

या घराचं पुढे काय झालं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : पॉयरोचं शेवटचं पुस्तक परत स्टाइल्समध्येच घडतं. दुसऱ्या महायुद्धात लिहून ठेवलेलं, छापलं १९७५ मध्ये. कॅव्हेंडिश मंडळी गेलेली, घर विकलेलं, आणि तिथे पैसे भरून राहणारे पाहुणे. पॉयरो स्वतः त्यातलाच एक, आणि जेवणाबद्दल त्याची कायम तक्रार. डॉर्कस नाही.

सांजवात

पुढच्या महिन्यात तेच वाचूया का सगळे? नवा धागा मी काढते. आणि ती अकरावीतली मैत्रीण काल फोनवर भेटली. तिला आत्ताही खात्री आहे की डॉक्टरनेच मारलं.